दोन नाहींची बेरीज

मुखेडला आमच्या घरापुढं जीप येऊन उभी राहिली ती भर दुपारी, आणि सगळ्यांच्या आधी तिच्यात जाऊन बसली ती महानंदा. खरं तर तिनं त्या जीपमध्ये असायचं काही कारण नव्हतं. ती देवणीची. देवणीहून हैदराबादच्या विमानतळावर जायचं तर उदगीर-बिदरचा रस्ता सरळ पडतो. पण दोघींचं विमान एक, तर जीपही एकच करू असं तिनं ठरवलं आणि दोन दिवस आधीच बॅगा घेऊन ती आमच्याकडे आली. म्हणजे माझ्या घरातल्या माझ्या शेवटच्या दोन दिवसांत निघणाऱ्या मुली दोन होत्या. आईचं रडणं, धपाटे, शेंगदाण्याच्या चटणीच्या पुड्या, सगळ्याचे दोन वाटे झाले.

ते वाटेही सारखे नव्हते. जीप सुरू झाल्यावर आईनं माझ्या बाजूच्या खिडकीतून हात आत घातला आणि मला म्हणाली, "जेवल्याबिगर ड्युटीवर जायचं न्हाई." मग तोच हात माझ्यावरून पुढं नेऊन तिनं महानंदाच्या गालावरून फिरवला. "माय, तू हायस म्हणून मला घोर न्हाई." आमच्याकडे बाया लाडक्या पोरीला माय म्हणतात. माझ्या आईनं मला कधी माय म्हटलेलं नाही. मी सुरेखा, आणि ती रागात असली तर सुरेखे. देगलूर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते आणि महानंदाला वाटत होतं मी रडतेय. तिनं रुमाल पुढं केला. मी घेतला नाही.

याला आता सात वर्षं झाली. हे मी लिहितेय ते मुखेडच्या आमच्या घरासाठी, आणि लातूरच्या एका क्लासमधल्या मुलींसाठी, ज्या उद्या माझ्यासारख्याच नर्स म्हणून परदेशात यायच्या आहेत. आईला वाचता येत नाही असं नाही, पण वाचायची वेळ आली की तिचा चष्मा सापडत नाही. तेव्हा वहिनी, तुम्हीच वाचून दाखवा. मध्येच ती उठून भाजी बघायला गेली तर थांबा, ती परत येऊन बसली की मग पुढं वाचा. एकही ओळ गाळू नका, माझी लाज वाटली तरी.

महानंदा आणि मी नांदेडच्या नर्सिंग कॉलेजात चार वर्षं एका खोलीत होतो. पहिल्या दिवाळीला ती दोन दिवस आमच्या घरी आली आणि तिसऱ्या दिवशी आई मला म्हणाली, "तिच्याकडून काय तरी शीक." काय शिकायचं ते आईनं सांगितलं नाही. परीक्षेत मी पहिली यायचे आणि महानंदा पास व्हायची. पण पेशंट हाक मारायचे ते तिला. मी सलाइन लावलेलं असायचं, सुई एका टोचण्यात गेलेली असायची, आणि म्हातारी विचारायची, "ती दुसरी पोरगी कुठं गेली गं?" मी तेव्हा स्वतःची समजूत घालायचे की लोकांना हसरं तोंड लागतं, अक्कल लागत नाही. वीस वर्षांच्या मुलीला असं काहीतरी स्वतःला सांगावंच लागतं.

मग परदेशी नोकरीचं वारं आलं. त्यासाठी इंग्रजीची परीक्षा पास व्हावी लागते, आणि तिचा क्लास लातूरला. आम्ही दोघी तिथं एका कोंदट खोलीत राहायचो, डबा लावला होता. क्लासचे सर मूळचे गणिताचे. लातूरला गणित शिकवणारे गल्लोगल्ली झाले म्हणून ते इंग्रजीकडे वळलेले, पण हात गणिताचाच. व्याकरणाचा प्रत्येक नियम त्यांच्याकडे समीकरण होऊन यायचा. एके सकाळी त्यांनी फळ्यावर वाक्य लिहिलं, आय डोन्ट नो नथिंग, आणि विचारलं याचा अर्थ काय. सगळा वर्ग म्हणाला, मला काही माहीत नाही. सरांनी मान हलवली. मी हात वर केला आणि उभं राहून सांगितलं, "सर, डोन्ट हा एक नकार, नथिंग हा दुसरा. दोन नकार एकमेकांना खोडतात. म्हणजे मला काहीतरी माहीत आहे."

"मुखेडची सुरेखा," सर वर्गाकडे बघून म्हणाले, "हिचं ऐका. उणे गुणिले उणे, बरोबर अधिक." ते वाक्य मी कितीतरी दिवस मनातल्या मनात म्हणत होते. हिचं ऐका.

तेव्हा मागच्या बाकावरून महानंदा उठली. तिला प्रश्न विचारायचे असले की ती आधी ओढणी सारखी करायची. म्हणाली, "सर, उणे उणे अधिक हे गुणल्यावर ना? मिळवलं तर? उणे एक आन् उणे एक, उणे दोनच व्हतंय की."

वर्ग हसला. सरही हसले, म्हणाले, बाई, हे इंग्रजी आहे, इथं गुणायचंच असतं. सगळ्यांत मोठ्यानं हसले ती मी. महानंदा पण हसत खाली बसली. खोलीवर आल्यावर मी तिला तो नियम पुन्हा समजावला, वहीत उदाहरणं काढून दिली. ती म्हणाली, "तुझं बरोबर हाय गं. पर आमच्या अज्जीला भाकर खाल्ली का म्हणून विचारलं तर ती इल्ल इल्ल म्हणती. दोनदा इल्ल म्हणलं म्हणून तिनं भाकर खाल्ली व्हय?" देवणी कर्नाटकाच्या अंगाला. तिची अज्जी, म्हणजे आजी, निम्मं कानडी बोलायची आणि इल्ल म्हणजे नाही. मी म्हटलं, परीक्षेला तुझी अज्जी पेपर तपासणार नाही.

मी पहिल्या फटक्यात पास झाले. महानंदा तिसऱ्या. पण माझे कागद कुठल्यातरी कार्यालयात अडकून पडले, मी दीड वर्ष मुखेड-नांदेड करत बसले आणि तेवढ्यात तिनं मला गाठलं. म्हणून ती त्या जीपमध्ये होती. मी आधी निघाले असते तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती, असं मला कितीदा वाटून गेलंय.

इंग्लंडच्या उत्तरेला जे गाव आमच्या वाट्याला आलं त्याचं नाव सांगून तुम्हाला काही कळणार नाही. जुन्या गिरण्यांचं गाव, गिरण्या बंद. लोक आपल्याकडच्यासारखेच, म्हणजे शब्द अर्धा गिळून बोलणारे. लातूरच्या क्लासात ऐकलेलं इंग्रजी या गावात कुणीच बोलत नव्हतं. पहिल्या महिन्यात मी प्रत्येकाला पार्डन, पार्डन करत होते. मी घाबरून आणखी शुद्ध बोलायला लागले, तशी समोरची माणसं अवघडायला लागली. आणि महानंदा, जिला थर्ड पर्सनला एस लावायचं कधी आठवलं नाही, ती पंधरा दिवसांत त्यांच्यासारखं बोलायला लागली. म्हातारे तिला लव्ह म्हणायचे. इथं भाजीवालीसुद्धा सगळ्यांना लव्ह म्हणते, त्यात काही नसतं, हे मला माहीत होतं. तरी मला सिस्टर म्हणायचे आणि तिला लव्ह, हे मी मोजत होते.

एक गोष्ट मात्र खरी. या गावात किती जणी माझ्यापेक्षा पुढं होत्या. केरळच्या होत्या, फिलिपिन्सच्या होत्या, इथल्याच गोऱ्या मुली होत्या. त्यांतल्या एकीचंही मला कधी वाईट वाटलं नाही. त्या पुढं गेल्या तर जाऊ देत. मी जळायचे ते फक्त देवणीच्या महानंदावर.

रविवारी घरी व्हिडिओ कॉल व्हायचा. आमच्या खोल्या शेजारी-शेजारी, त्यामुळे ती चहा घेऊन माझ्याकडेच बसलेली. आई मला विचारायची, जेवलीस का, थंडी हाय का. मग म्हणायची, "फोन तिच्याकडं दे." आणि तिच्याशी पाऊण तास. शेजारच्या लग्नात काय झालं, म्हशीला पारडू झालं, वहिनीनं कोणती साडी घेतली. माझ्या घरच्या बातम्या मला महानंदाकडून कळायच्या. फोन ठेवल्यावर ती मला सगळं सांगायची, आणि मी म्हणायचे हो, माहीत आहे मला.

आता ती सकाळ.

आमच्या वॉर्डात एक आजोबा होते, ऐंशीच्या पुढचे, गिरणीत काम केलेले, कानानं थोडे कमी. पित्ताशयात खडे. चार दिवस दुखत होतं आणि त्या दिवशी त्यांचं ऑपरेशन ठरलेलं होतं. ऑपरेशनच्या आधी पोट रिकामं लागतं हे तुम्हाला सांगायला नको. भूल दिल्यावर पोटातलं वर आलं तर जिवावर बेतू शकतं. म्हणून सकाळी नर्सनं विचारून कागदावर लिहायचं असतं, की रात्रीपासून काही खाल्लं का. ते माझं काम होतं.

मी विचारलं. आजोबा म्हणाले, "आय एन्ट हॅड नथिंग."

मी थबकले. एन्ट, म्हणजे इथल्या बोलीतलं हॅवन्ट, हा एक नकार. नथिंग, दुसरा. मी पुन्हा विचारलं, म्हणजे तुम्ही काहीतरी खाल्लंय? माझा उच्चार त्यांना कळला नसावा. ते चिडून मोठ्यानं म्हणाले, "एन्ट हॅड नथिंग, नॉट सिन्स देम बिस्किट्स." मी बाजूच्या टेबलाकडे बघितलं. तिथं बिस्किटांचा पुडा होता, फोडलेला. माझ्या डोक्यात लातूरचा फळा स्वच्छ उभा राहिला. उणे गुणिले उणे. यांनी खाल्लंय.

शेजारच्या बेडवर महानंदा चादर बदलत होती. तिनं ऐकलं. मी पेन काढलं तशी ती मराठीत म्हणाली, "सुरेखा, त्यांनी काय खाल्लं न्हाई म्हणून राहिलेत. ते बिस्किटं कालच्या संध्याकाळचे. इथले लोक दोनदा न्हाई म्हणतेत, पक्कं न्हाई म्हणायचं असलं की."

तिचं बरोबर असेल असं मला त्याच क्षणी वाटलं होतं. हे लिहायला मला सात वर्षं लागली म्हणा. मला वाटलं होतं, आणि म्हणूनच राग आला. मी तिच्याकडे न बघता म्हटलं, "ग्रामर मला नको शिकवू." ती आणखी काही बोलणार तोवर पलीकडच्या बेडवरून घंटी वाजली आणि ती धावली. मी लिहिलं, पेशंटनं खाल्लं आहे. थिएटरला फोन केला. आजोबांचं नाव त्या दिवसाच्या यादीतून निघालं.

दुपारी त्यांची मुलगी आली, दुसऱ्या गावाहून, रजा काढून. ऑपरेशन झालं नाही हे कळल्यावर तिनं बापाला विचारलं आणि आजोबा रडायला लागले. आय टोल्ड हर, आय टोल्ड हर, एवढंच म्हणत होते. रात्रीपासून उपाशी, वर दुखणं, आणि ते दुखणं घेऊन त्यांनी आणखी एक दिवस काढला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन नीट झालं, आजोबा बरे होऊन घरी गेले. पण मुलीनं लेखी तक्रार दिली होती.

वॉर्डच्या मॅनेजरबाईंनी आम्हा दोघींना बोलावलं, महानंदाला शेजारच्या बेडवरून सगळं ऐकू आलं होतं म्हणून. मला विचारलं, मी सांगितलं, भाषेचा गोंधळ झाला, दोन नकारांमुळे मला उलटा अर्थ वाटला. हे सगळं खरं होतं. महानंदानं मला सांगितलं होतं, हे तेवढं मी बोलले नाही. बाईंनी मग महानंदाकडे वळून विचारलं, "यू डिडन्ट से एनिथिंग टू हर?" तू हिला काहीच बोलली नाहीस?

महानंदा म्हणाली, "नो."

लातूरच्या मुलींनो, इथं नीट लक्ष द्या, हे तुमच्या पेपरात येतं. आपल्याकडे कुणी विचारलं, तू जेवली नाहीस? आणि आपण जेवलेलो असलो, तर आपण म्हणतो, नाही, जेवले की. तो नाही समोरच्याच्या बोलण्याला असतो, तुम्ही म्हणता तसं नाही. इंग्रजीत जेवलेल्या माणसानं येस म्हणायचं असतं, आणि नो म्हटलं की तो उपाशी. महानंदा मुखेड-देवणीच्या हिशेबानं म्हणाली असेल तर तिच्या नोचा अर्थ होता, तसं नाही, मी सांगितलं की. बाईंनी ऐकला तो इंग्रजी नो. नाही, मी काही बोलले नाही.

महानंदाचं तोंड पुढं काही बोलायला उघडलं होतं. बाईंनी थँक यू म्हणून लिहायला घेतलं. महानंदानं माझ्याकडे बघितलं. त्या खोलीत दोन्ही भाषा येणारी, नो कुठून कुठं गेला हे कळलेली एकटी मीच होते. एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य माझ्याइतकं शुद्ध कुणालाच बोलता आलं नसतं. मी टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले.

या देशात चुकीला तेवढी शिक्षा नसते, पण दिसत असून गप्प बसणाऱ्याला माफी नसते. माझ्या नावापुढं भाषेचा गैरसमज असं लिहिलं गेलं आणि मला एका ट्रेनिंगला बसवलं. महानंदाच्या नावापुढं, ऐकू येऊनही बोलली नाही. तीन महिन्यांनी सीनिअर नर्सची एक जागा निघाली. दोघींनी अर्ज केला. मला मिळाली.

मी घरी फोन केला. आई म्हणाली, "चांगलं झालं." आणि लगेच, "महानंदाला न्हाई मिळाली व्हय?" मी म्हटलं, तिचं इंग्रजी कच्चं आहे. महानंदा तेव्हा माझ्याच खोलीत होती, माझ्या नव्या गणवेशाला इस्त्री करत होती. ती काही बोलली नाही. तिच्या त्या न बोलण्यावरही मी कितीतरी दिवस चिडत होते. भांडली असती तर बरं झालं असतं. मी उलट भांडून मोकळी झाले असते.

दोन वर्षांनी ती परत गेली. तिच्या अप्पांचे, म्हणजे वडलांचे, गुडघे गेले होते, त्यांच्या देवणीच्या दुकानात बसणारं कुणी नव्हतं, असं ती म्हणाली. पण दुकानात ती सहा महिनेसुद्धा बसली नाही. लातूरच्या सरांना क्लास झेपेना आणि त्यांनी फोन केला. कुणाला? तिला. ज्या मुलीला त्यांनी वर्गात हसून खाली बसवलं, तिला. हिचं ऐका असं जिच्याबद्दल म्हणाले होते ती इथं सीनिअर नर्स आहे, तिला एक फोन करून विचारायचं तरी. मी गेले नसते, ते वेगळं. आता परदेशी जाणाऱ्या नर्सांना इंग्रजी शिकवते ती महानंदा, थर्ड पर्सनचा एस विसरणारी. आणि शनिवारी-रविवारी एसटी पकडून मुखेडला जाते. येळवशीला, म्हणजे आपल्या वेळ अमावस्येला, आमच्या शेतात कडब्याच्या कोपीपुढं बसून भज्जी-आंबील खाणाऱ्यांचा फोटो वहिनीनं पाठवला. आईच्या शेजारी महानंदा. मी इथं फ्रीजमधला कालचा भात गरम करत होते. तो फोटो मी मोठा करून बघितला. आईनं तिच्या ताटात भज्जी जास्त वाढलेली होती.

गेल्या महिन्यात आईनं मला एक व्हिडिओ पाठवला. आई स्वतः होऊन काही पाठवत नाही, म्हणून मी ड्युटीच्या मध्येच उघडला. महानंदाचा वर्ग, कुण्या मुलीनं मोबाइलवर घेतलेला. फळ्यावर आय एन्ट हॅड नथिंग. पुढं बसलेल्या सगळ्या मुली, आपल्याकडच्या, तेल लावलेल्या वेण्यांच्या. महानंदा सांगत होती, सगळा प्रसंग, आजोबा, बिस्किटं, त्यांची मुलगी, रडणं. आणि मग म्हणाली, "ही चूक माझ्या हातून झाली. मला वाटलं दोन नकार म्हणजे होकार. मी नियम ऐकला, माणूस ऐकला न्हाई. तुम्ही तसं करू नका. पुस्तकातला नियम परीक्षेला खरा हाय, तो तसाच लिहा. पर लोक दोन न्हाई गुणत न्हाईत, मिळवतेत."

व्हिडिओच्या खाली आईनं आपल्या आवाजात निरोप पाठवला होता. "बघ सुरेखा, किती मोकळ्या मनानं सांगून राहिली पोरगी आपली चूक. एवढ्या पोरींपुढं. असं कबूल करायला काळीज लागतंय. माझी माय ती."

मी स्टाफरूममध्ये उभी होते आणि मला रडू आलं ते लाजेनं आलं असं मी लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण पहिल्यांदा आला तो संताप. घर तिनं घेतलं. आई घेतली, शनिवार-रविवार घेतला, सरांचा क्लास घेतला. आता माझी चूकसुद्धा घेतली, आणि त्या चुकीवर माझ्या आईकडून शाबासकी मिळवली. जी शाबासकी मी एक वाक्य बोलले असते तर माझी असती.

दुसऱ्या दिवशी मी तिला फोन केला. तिच्या मागं वर्गाचा गलका होता. मी सरळ विचारलं, "चूक माझी होती. तू तुझी म्हणून का सांगतेस?"

"अगं, पोरींना सांगायचं म्हणलं तर कुणाचं तरी नाव घ्यावं लागतंय," ती म्हणाली. "तुझं घेतलं असतं तर मुखेडपोतूर गेलं असतं. आपलं घेतलेलं बरं."

"आणि मॅडमनी विचारलं तेव्हा तू नो म्हणालीस. तो मराठी नो होता की इंग्रजी?"

तिनं आधी मागच्या मुलींना दटावलं. मग म्हणाली, "काय म्हाईत गं. आता आठवत न्हाई." आणि वर हेही म्हणाली, की सांगितलं होतं म्हटलं असतं तर तुला ऐकून न ऐकल्याबद्दल घरी धाडलं असतं, तेव्हा झालं ते बरंच झालं. मग कुणा मुलीला वही आणायला सांगून तिनं मला विचारलं, जेवलीस का.

तिला आठवत नाही असं नाही. एवढं व्याकरण मला येतं.

मी मॅनेजरबाईंना जाऊन सगळं सांगितलं. त्या बाई आता दुसऱ्या वॉर्डात आहेत. त्यांनी ऐकून घेतलं, महानंदाच्या कागदात दुरुस्ती करायला पत्र लिहिते म्हणाल्या, आणि माझं काय करायचं ते वर विचारून कळवतील. अजून कळवलेलं नाही. महानंदाला ते पत्र मिळेल तेव्हा तिला त्याचा काही उपयोग नाही हे मलाही कळतं. पण इथल्या फायलीत जे झालं ते झालं, माझं खरं काम मुखेडला आहे.

इथं कुणी विचारलं की घर कुठं, तर मी मुखेड सांगते. सात वर्षं तसंच सांगतेय. पण त्या घरात ज्या सुरेखाबद्दल बोलतात ती हुशार आहे, सीनिअर आहे, तिचं कधी काही चुकलेलं नाही. तिला मी ओळखत नाही. येळवशीला तिच्यासाठी ताट काढून ठेवलं तरी जेवायला मी कशी बसणार? आपली चूक ज्या घरात दुसऱ्याच्या नावानं सांगितली जाते तिथं आपण पाहुणेच. मला पाहुणी म्हणून यायचं नाही. मला तिथं ओरडा खायचा आहे, महानंदासमोर, आणि तिला मिळालेलं ते कौतुक माझ्या आईनं तिच्याकडून काढून घ्यायचं नाही, त्याच्याहून मोठं तिला द्यायचं आहे. ते दिल्यावर मी पुन्हा जळेन, हेही आत्ताच सांगून ठेवते. पण ते जळणं घरातलं असेल.

वहिनी, आई भाजी बघायला उठली असेल तर तिला हाक मारून बसवा. महानंदानं मला वेळेवर सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.